टॅपिंग, सावदा

सावद्याला मे महिन्यात, दुपारी,
बाहेर सेहेचाळीस, रायपनिंग चेंबरमध्ये सतरा.
मधे चार इंच पफ.
सतराच्या बाजूला केळी निजलेली, खोक्याखोक्यांत, हिरवी.
सेहेचाळीसच्या बाजूला मी, गफूर तडवी आणि टेप.

मुख्य केबल एकशे पंच्याऐंशीची,
गफूरच्या मनगटाएवढी.
तिच्या डोक्याशी अडीचशे अँपिअरचा फ्यूज,
तिच्या मापाचा, तिच्या रागाचा.
तिला फोडून चौथ्या चेंबरकडे
पंचवीसची बारीक वायर न्यायची.
एवढंच काम.

फिरके शेठ म्हणाले, ब्रेकर तिकडे लावा,
नव्या चेंबरच्या दाराशी, पोरांना सोपं पडतं.
मी टेप ओढली. अकरा मीटर चाळीस.
म्हटलं, तीन.
"तीन काय?"

तीन मीटर, शेठ. जिथे फोडली तिथून
जिथे तिचा ब्रेकर बसेल तिथवर
ही वायर उघडी असते. नागडी नव्हे,
अंगावर पीव्हीसी असतं,
पण तिचं असं कुणी नसतं.
मागे आहे तो थोरलीचा फ्यूज.
धाकटीला नव्वदला घाम फुटतो,
शंभर-सव्वाशेला कातडी सैल होते,
दोनशेला ती वास सोडते,
आणि वर तो अडीचशेवाला
गार बसून.
त्याच्या हिशोबात काहीच झालेलं नाही.

म्हणून तीन. तेही लोखंडी पाइपातून,
पफपासून लांब, पुठ्ठ्यापासून लांब.
शेवटी एकच ब्रेकर. वाटेत फाटा नाही,
एक पंखासुद्धा नाही.
आणि वायरीच्या तक्त्यात हवा चाळीस धरलीय.
तक्ता लिहिणारा सावद्याला आलेला नसणार.

"इजेले काय टेप कयते का, बाई?"

नाही कळत. खरं सांगायचं तर
तीन मीटर एक सेंटिमीटरला
काही भडका उडत नाही.
कुणीतरी कधीतरी बसून ठरवलं असेल
की एवढ्या अंतरात उंदीर कमी येतात,
खिळे कमी ठोकले जातात,
फोर्कलिफ्टचा दात कमी वेळा घुसतो.
चुकीला उभं राहायला जागा कमी.
नाहीतर अकरा मीटर जाडच केबल न्या,
किंवा फोडतो तिथेच ब्रेकर बसवा.
पैसे सांगू?

थोरली-धाकटीवरून मला अजून काहीतरी सुचत होतं,
घरांविषयी, कुणाच्या जिवावर कोण किती लांब जातं त्याविषयी.
बोलले नाही.
शेठना आकडा हवा होता, तो सांगितला.
ते मोबाइलमध्ये गुणाकार करत राहिले.

तेव्हा गफूर बोलला. सकाळपासून पहिल्यांदा.
"धरणगावले जिनिंगमध्ये मी सात मीटर नेली होती.
सरकीच्या ढिगावरून.
मुकादम म्हने चालते.
चालली बी. दोन हंगाम."

कंप्रेसर सुरू झाला, बंद झाला.
कुणी 'मग' म्हटलं नाही.

"आग इझल्यावर पॅनल उघडला म्या.
वायरचं नाव नव्हतं, नुसती काजळी.
फ्यूज तसाच. पांढरा, कोरा.
टेस्टर लावला त चालू."

शेठनी मोबाइल खिशात टाकला.
एकदा नव्या दाराकडे पाहिलं, एकदा छताकडे.
"पोरं चालतीन अकरा मीटर," म्हणाले,
आणि वजनकाट्याकडे गेले, तिथे कुणीतरी ओरडत होतं.

गफूरनं खडू थुंकीनं ओला केला,
दोन मीटर ऐंशीवर चौकोन काढला,
मग पुसून थोडा अलीकडे काढला.

मी विचारलं, त्या फ्यूजचं काय केलंस?

"हाय ना घरी, यावलले.
दाराले लावला.
जड हाय चांगला,
वाऱ्यानं आपटत नी आता दार."